चौदा किलो नऊशे साठ ग्रॅम

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो फक्त कागदावरच घालता येतो, तेव्हा पोचला असं समज.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे पत्रात लिहिण्याजोगं जेवढं असतं तेवढं ठीक आहे. तुझी तब्येत कशी आहे? भावोजींची कंबर काय म्हणते? फोनवर विचारलं की तू म्हणतेस "बरं आहे", मी म्हणते "इथेही बरं आहे", आणि मग आपण दोघी लगबगीने हवामानाकडे वळतो. गेल्या नऊ वर्षांत आपण एकमेकींच्या गावच्या हवेचा इतका अभ्यास केला आहे की वेधशाळेने आपल्याला पेन्शन द्यायला हरकत नाही. म्हणून या वेळी पत्र लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, समोरचं माणूस मध्येच "बरं, ठेवू का?" म्हणत नाही.

तर सांगायचं असं, की मी तुझ्याकडे यायचं म्हणते आहे. नीट वाचलंस ना? मी. तुझ्याकडे. गेले तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. पण या तीन महिन्यांत मी जागची हलले नाही आणि माझी बॅग मात्र पार निघून गेली, ती कशी ते सांगायला हा कागद घेतला आहे. जरा बस. चष्मा लाव. घाईने वाचण्यासारखं हे नाही.

आगगाडीने यायचं तर दोन दिवस आणि दोन रात्री, त्यात माझ्या नशिबी कायम वरचा बर्थ, तेव्हा गुडघ्यांनी आधीच हरकत नोंदवली. राहिलं विमान. मला वाटलं होतं विमानाचं तिकीट म्हणजे पैसे द्यायचे, खिडकीजवळची जागा मागायची आणि ढग बघत यायचं. तसं काही नसतं, ताई. विमानवाल्यांना माणसाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना बॅगेत रस असतो. मी चौऱ्याहत्तर किलोची आहे (हे भावोजींना वाचून दाखवू नकोस), पण तीन कंपन्यांच्या चाळीस पानी नियमांत माझ्या वजनाबद्दल एक अक्षर नाही. चौऱ्याहत्तर किलोची मी बिनबोभाट जाऊ शकते. बॅग मात्र पंधराची सोळा झाली की पृथ्वीचा तोल जातो.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. उगाच कशाला, आणि मला तिन्ही नावं एकसारखीच वाटतात. त्यांच्या मुलींच्या गणवेशांवरून आम्ही घरात त्यांना निळी, पिवळी आणि लाल म्हणतो. निळी पंधरा किलो फुकट नेते, पण तिचं तिकीटच इतकं महाग की त्यात ते पंधरा किलो आधीच विकत घेऊन झालेले असतात. पिवळीचं तिकीट बघून मला पहिल्यांदा आनंदाने हुंदका आला होता. मग मास्तरांनी (आमचे हे, भूमिती शिकवायचं बंद होऊन दोन वर्षं झाली, पण घरात अजून तास चालूच असतात) खालची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. त्या भावात फक्त मी. बॅगेचे वेगळे, जागा निवडायचे वेगळे, पाण्याचे वेगळे. लाल सगळ्यांत दिलदार, पंचवीस किलो म्हणते, पण तिचं विमान तुझ्या गावापर्यंत येतच नाही. मध्ये एका ठिकाणी उतरवून ती छोट्या विमानात बसवते आणि त्या छोट्या विमानात दहाच किलो चालतात. म्हणजे निघताना पंचवीस आणि पोचताना दहा. मधल्या पंधरा किलोंचं काय करायचं, असं मी त्यांच्या मदतकेंद्राला विचारलं. अर्धा तास संगीत ऐकवून झाल्यावर ती बाई म्हणाली, "मॅडम, आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." उत्तर नसलं की प्रश्न महत्त्वाचा होतो, हे मला आमच्या पोस्टखात्यामुळे ठाऊक आहे.

मास्तरांनी आलेखाचा कागद काढला. आडव्या रेघेवर किलो, उभ्या रेघेवर दर, आणि तीन रंगांच्या तीन रेषा. त्यांनी त्यातून असा शोध लावला की घरबसल्या बॅगेचे पैसे भरले तर एक दर, विमानतळावर भरले तर दुप्पट, आणि अगदी विमानाच्या दाराशी पकडलं तर तिप्पट. बॅग तीच, किलो तेच. माणूस जितका जास्त अगतिक, तितका दर चढा. मास्तर दोन दिवस त्या रेषेकडे बघत बसले होते. इतकी शुद्ध भूमिती त्यांना अख्ख्या नोकरीत भेटली नव्हती.

मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. अंगावरच्या कपड्यांचं वजन कोणी करत नाही, तर मी सगळे कपडे घालूनच निघावं! रंगीत तालीम म्हणून मला तीन स्वेटर, त्यावर कोट आणि त्यावर रेनकोट चढवला. हात खाली जाईनात. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई माप घ्यायची टेप मागायला आली आणि दारातच थबकली. "अगंबाई, ताप भरलाय का?" मी म्हटलं, "ताईकडे चाललेय." ती म्हणाली, "चालत?"

तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला, हातातल्या पिशवीत दोन जोड कपडे टाक आणि निघ. हातातली पिशवी सात किलोपर्यंत तिघीही फुकट नेतात. तिकिटं काढून देणारी बाईही हेच म्हणाली. (कोपऱ्यावर तिचं दुकान आहे. मी तिच्याकडे अकरा वेळा गेले आणि अकराही वेळा फक्त चौकशी केली. आता ती मला लांबून बघते आणि फोन कानाला लावते.) "काकू, बिनबॅगेच्या गेलात ना, तर पिवळीत अगदी फुकटात जाल." मी म्हटलं, "बाई, बिनबॅगेचं कोणी जातं का, इतक्या वर्षांनी?"

पण खरं कारण कपडे नव्हेत, ताई. खरं कारण बाबांचे पाने. गॅरेज विकलं तेव्हा बावीस पान्यांचा तो संच मी ताडपत्रीच्या गुंडाळीत बांधून आणला, आणि तेव्हापासून तो माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. तुझा आहे तो. बाबा गाडीखाली असायचे, नुसता हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे "बारा" किंवा "सतरा", आणि तू न बघता बरोबर तोच पाना त्यांच्या हातात ठेवायचीस. मी एकदा मोठ्या हौशीने तुझ्या जागेवर बसले, तर "चौदा" म्हटल्यावर दिला दहा, आणि गाडीखालून आवाज आला, "धाकटी, ताईला बोलाव." तेव्हा मी रडले होते. (तू हसली होतीस. मी विसरलेले नाही.) पाने सहा किलो तीनशे ग्रॅम भरतात. आणि पाना हातातल्या पिशवीतून नेता येत नाही. विमानात बसल्या बसल्या मी विमान खोलून ठेवीन अशी भीती असावी. म्हणजे पाने न्यायचे तर विमानाच्या पोटात जाणारी बॅग हवी, पोटातली बॅग हवी तर किलो मोजायला हवेत, आणि किलो मोजायचे तर माझ्यासारखी या जगात दुसरी नाही.

कारण हे सगळं कोणाच्या वाट्याला आलं बघ! सत्तावीस वर्षं मी पोस्टात तीन नंबरच्या खिडकीवर बसून लोकांची पार्सलं मोजली. वीस ग्रॅम जास्त भरलं म्हणून परत केली. एका म्हाताऱ्याला नातवाच्या खेळण्यातल्या घोड्याचं शेपूट कापायला लावलं मी, कारण घोडा शेपटासकट मापात बसत नव्हता. (शेपूट त्याने वेगळ्या पाकिटातून पाठवलं. त्याचंही मी वजन केलं.) हसत हसत "नियम आहे" म्हणायचे. आता तीन रंगांच्या तीन मुली मला तेच वाक्य तशाच हसून ऐकवतात. तो म्हातारा भेटला तर मी त्याचे पाय धरीन, पण गुडघ्यांचं आधीच लिहिलं आहे.

तर बॅग भरली. शेवटी निळीच्या पंधरा किलोंत बसवायचं ठरलं. पाने झाले. आईचे दोन स्वेटर. तुझी शाळेतली प्रगतिपुस्तकं (मी ती वाचली, गणितात तू आम्हाला सांगायचीस तेवढी हुशार नव्हतीस). भावोजींना कमरेसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी. माझे चार बरे कपडे, आणि आपला जुना फोटोंचा अल्बम. अल्बमपाशी काटा अडला. म्हणून एका दुपारी मी सगळे फोटो सोडवून घेतले आणि दोन्ही वेगवेगळे तोलले. नुसता पुठ्ठा एक किलो चारशे. आई, बाबा, तू, मी, गॅरेज, बाबांची पहिली स्कूटर आणि तुझं लग्न, सगळे मिळून तीनशे दहा ग्रॅम. माणसं इतकी हलकी असतात हे मला खिडकीवर बसून कधी कळलं नव्हतं. पुठ्ठा ठेवून दिला. माणसं घेतली.

आता वजन. घरातला काटा सोळा किलो दाखवायचा, तिकीटवालीच्या दुकानातला चौदा, आणि मास्तरांनी दाराच्या कडीला टांगलेल्या ताणकाट्याचा आकडा बॅग वाऱ्याने हलली की बदलायचा. या दुनियेत माझा भरवसा एकाच काट्यावर आहे, तो म्हणजे माझ्या खिडकीवरचा. म्हणून परवा मी बॅग ओढत ऑफिसात नेली आणि त्यावर ठेवली. चौदा किलो नऊशे साठ! चाळीस ग्रॅम शिल्लक! मला वाटलं आता विमानाने तिथल्या तिथे उडावं. तेवढ्यात आठवलं की कंपनीने बजावलं आहे, बॅगेला जिथे जायचं तिथला पत्ता आणि फोन ठळक अक्षरांत बांधावा. मग मी एक पुठ्ठ्याचं लेबल घेतलं आणि हाताला सवय आहे तसं लिहिलं. उजवीकडे मोठ्या अक्षरांत तुझं नाव, पत्ता आणि पिनकोड. डावीकडे खाली बारीक अक्षरांत "पाठवणार" आणि माझं नाव. सुतळीने बांधलं. आणि साहेबांनी बोलावलं म्हणून बॅग तशीच काट्यावर ठेवून रजेच्या अर्जाबद्दल त्यांची बोलणी खायला आत गेले.

आता आमच्या शिक्केकाकांबद्दल तुला सांगायला हवं. ते पार्सल विभागात आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील, आणि त्यांच्याइतकं चोख काम करणारं माणूस आमच्या ऑफिसात दुसरं नाही, ही त्यांच्याबद्दलची तक्रारच समज. त्यांना काट्यावर वस्तू दिसली, वस्तूवर पत्ता दिसला, की त्यांचे हात आपोआप चालू होतात. मी पाऊण तासाने बाहेर आले तर काटा रिकामा आणि काका हातांवरची लाख खरवडत उभे.

"मॅडम, तुमचं पार्सल लावलं बरं का मार्गी. काळजी सोडा."

"कुठलं पार्सल?"

"ते काय, ताईंचं."

"काका, ती बॅग होती!"

"हो ना, म्हणून तर कापड जास्त लागलं."

ताई, त्यांनी माझी चाकांची बॅग पांढऱ्या कापडात शिवली. स्वतःच्या हाताने, दुहेरी टाक्याने. नऊ ठिकाणी लाखेचे शिक्के मारले. चाकांना त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला वेगळी टोपी शिवली. मी कपाळाला हात लावून म्हटलं, "अहो, पण टपालाच्या तिकिटांचे पैसे?" तर म्हणाले, "ते सगळ्यांनी मिळून भरले. आम्ही म्हटलं, इतक्या वर्षांत मॅडमनी स्वतःचं म्हणून कधी एक पाकीट टाकलं नाही. पोचपावतीसुद्धा जोडलीय, तुमच्या बहिणीची सही परत येईल." आत काय आहे हे पावतीवर लिहावं लागतं. त्यांनी उघडून बघितलं नव्हतं, म्हणून सभ्यपणाने "किरकोळ घरगुती सामान" असं लिहिलं. बाबांचं गॅरेज, आई आणि आपण दोघी, हे सगळं मिळून किरकोळ. आणि या माणसावर ओरडायचं कसं? मी त्यांना चहा पाजला.

टपालाची गाडी साडेचारला जाते. मी धावत बाहेर गेले (धावत म्हणजे माझ्या गुडघ्यांचं धावणं) तेव्हा ती वळणावरून दिसेनाशी होत होती. एकदा गाडी गेली की पार्सल गेलं, मग काही करता येत नाही. नियमच तसा आहे. घरी येऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरचा आलेख काढला, त्यावर पोस्टाची चौथी रेषा ओढली, आणि हळूच म्हणाले, "अगं, हे तर तिघींपेक्षा स्वस्त पडलं."

तर अशी गंमत. मी इथेच आहे आणि माझे चारही बरे कपडे तुझ्या वाटेवर आहेत. काल ऑफिसला मी मास्तरांच्या स्वेटरमध्ये गेले. हे पत्र जलद टपालाने टाकते आहे, तीन दिवसांत मिळेल. पार्सलाला नऊ-दहा लागतील. पोस्टमनने दारात पांढरं गाठोडं आणून ठेवलं तर घाबरू नकोस. टाके कात्रीने काप, दाताने तोडू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

भावोजींना नमस्कार. कमरेला जपायला सांग. 

तुझी,
धाकटी

ता. क. वर मी लिहिलं आहे की गाडी गेल्यावर काही करता येत नाही. ते मी खिडकी बंद व्हायच्या वेळी लोकांना सांगते. खरं तर करता येतं. पाठवणाऱ्याने पार्सल परत मागवायचा एक अर्ज असतो. काल सकाळी आठपर्यंत एक फोन केला असता तरी ते पुढच्या छाननी केंद्रावर थांबलं असतं. अर्ज माझ्याच खणात आहे, मी आजवर शेकड्यांनी भरून दिले असतील. परवा तो बाहेर काढला, तुझं नाव लिहिलं, आणि परत खणात ठेवला.

ता. क. २. तिकीट अजून काढलेलं नाही. निळीचंही नाही. तीन महिने मी किलो मोजत बसले कारण किलो मोजता येतात. मला तुला विचारायचं होतं की येऊ का, आणि ते काही केल्या विचारता येईना. बाबा गेले त्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा मी खिडकीवर होते, समोर वीस माणसांची रांग होती. तू म्हणालीस "मी निघते", आणि मी म्हटलं, "आता येऊन काय करणार आहेस? नको येऊस." मी ते खिडकीच्या आवाजात म्हटलं, ताई. लोकांना म्हणते तसं. रजा घ्यायला हवी होती, ती घेतली नव्हती, आणि राग तुझ्यावर काढला. जन्मात तू माझं एक ऐकलं नव्हतंस. नेमकं तेवढं ऐकलंस.

ता. क. ३. आता नियम सांगते, आणि हा खरा आहे. पोस्टमन पार्सल घेऊन आला की तुला दोन गोष्टी करता येतात. नको असेल तर नुसतं "नको" म्हण. तो त्यावर "नाकारले" असं लिहील आणि ते माझ्याकडे परत येईल. तुला एक पैसा पडणार नाही, कोणी कारण विचारणार नाही, मीही फोन करून विचारणार नाही. पण ठेवून घेतलंस तर तो सहीसाठी पोचपावतीचं गुलाबी कार्ड पुढे करील. ते चार दिवसांत माझ्याच खिडकीवर येतं. ते आलं की त्याच दुपारी मी पिवळीचं तिकीट काढीन, हातात एक पिशवी घेऊन येईन, आणि कपडे तिथे आहेतच.

ता. क. ४. कार्डावर नुसती रेघोटी ओढू नकोस. पूर्ण नाव लिही, सावकाश. तुझं अक्षर बघून मला नऊ वर्षं झाली.